पंक रॉक नेमकं कशाला म्हणायचं, आणि त्यातली सगळ्यात भारी गाणी कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या चौघांच्या बँडमध्ये जुंपली आहे. एकाच्या मते रमोन्स आणि सेक्स पिस्टल्स सोडले तर बाकी सगळी नक्कल. दुसरा म्हणतो, ग्रीन डे पंक नाही तर मग कोण? तिसऱ्याने यादीत टेलिव्हिजन नावाच्या बँडचं दहा मिनिटांचं गाणं घुसवलंय. आणि ड्रम वाजवणारी मुलगी विचारतेय की तीन कॉर्ड आणि आरडाओरडा एवढ्यावर गाणं पंक होतं का. वर कॉलेजच्या गॅदरिंगसाठी एक गाणं बसवायचंय, ते कोणतं तेही सांगा म्हणताय.

मी गिटार वाजवतो आणि पोटासाठी बँड रेकॉर्ड करून मिक्स करतो, त्यामुळे उत्तर त्या अंगाने येणार. ड्रमरचा प्रश्न चौघांत सगळ्यात चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. नाही, होत नाही. तीन कॉर्डवर तर अख्खा ब्लूज उभा आहे, आणि आरडाओरडा मेटलवाले जास्त चांगला करतात.

एखादं गाणं पंक आहे का हे ठरवताना त्यात काय आहे ते मी नंतर बघतो. काय काढून टाकलंय ते आधी. ज्या वर्षी ते गाणं झालं, त्या वर्षी ‘हे नसेल तर लोक ऐकणारच नाहीत’ असं जे जे मानलं जात होतं, त्यातलं काहीतरी जाणूनबुजून बाहेर फेकलेलं असलं पाहिजे. आणि फेकल्यावरही गाणं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. ही दुसरी अट लोक हमखास विसरतात. नुसतं वाईट वाजवलेलं गाणं वाईटच असतं, त्याला पंकचं सर्टिफिकेट देऊन ते सुधारत नाही.

रमोन्सवर हे लावून बघू. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समधल्या चौघांनी हा बँड काढला. तेव्हा रॉक कुठे पोचलं होतं? सिंथेसायझरच्या भिंती, एका गाण्यात चार भाग, रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी रचना, त्यात ड्रमरचा वेगळा सोलो. ते वाजवायला महागडी वाद्यं लागत, वाहायला ट्रक लागत आणि ट्रकचं भाडं भरायला रेकॉर्ड कंपनी लागे. शहर मात्र १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपलं होतं. मॅनहॅटनमधल्या बावरी या पडक्या रस्त्यावर सीबीजीबी नावाचा एक अरुंद बार होता; इतर कुणी दारात उभं करत नसे अशा बँडना तिथे स्वतःची गाणी वाजवू देत. रमोन्स तिथे ऑगस्ट १९७४ मध्ये पहिल्यांदा वाजले. एप्रिल १९७६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, आणि रेकॉर्डिंगचा खर्च साधारण ६,४०० डॉलर.

त्यातलं ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ सव्वादोन मिनिटांच्या आत आटपतं. गिटारचा सोलो नाही. बहुतेक गाणं ए, डी आणि ई या कॉर्डवर. ऐकायला अगदी सोपं वाटतं, म्हणून जॅमरूममध्ये पोरं पहिल्या दिवशी हेच घेतात आणि इथेच फसतात. वेग मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास बीट. प्रत्येक बीटला दोन फटके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा, आणि सगळे वरून खाली. हात वर जाताना तारेला लागू द्यायचा नाही. जॉनी रमोन अख्खा सेट असा वाजवायचा. माझ्याकडे शिकायला येणारी मेटलची पोरं बोटांनी तुफान पळतात, पण हे गाणं घेतलं की दुसऱ्या कडव्यात हळूच वर-खाली वाजवायला लागतात, आणि त्याच क्षणी गाणं मऊ पडतं. वर जाणारा फटका आधी बारीक तारांना लागतो, आवाज पातळ होतो. खाली येणारा दरवेळी आधी जाड तारेवर आपटतो. कोपरापासून मनगटापर्यंत आग होते, ती होऊ द्यायची. जॉनीने सोलो काढून टाकला खरा, पण त्या जागी सोपं काहीच ठेवलं नाही.

आता याच अल्बमवर एक प्रयोग करा. हेडफोन एकाच कानाला लावा. बास डावीकडे, गिटार उजवीकडे, आवाज मध्ये. सुरुवातीच्या बीटल्सच्या स्टिरिओ रेकॉर्डवर असतं तसं दोन्ही वाद्यांना दोन टोकांना उभं केलंय. आज माझ्याकडे कुणी असं मिक्स मागितलं तर मी दोनदा विचारेन, कारण कुठेच आडोसा राहत नाही. गिटार जरा चुकली की उजवा कान ते लगेच सांगतो. पण शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचा अल्बम मला माहीत नाही. बासवाल्याने डावा कान ऐकावा, गिटारवाल्याने उजवा, आणि मग दोघांनी भेटावं.

आणि हो, या गाण्यातली ती प्रसिद्ध आरोळी बे सिटी रोलर्स या शाळकरी मुलींच्या लाडक्या पॉप बँडच्या गाण्यावरून सुचलेली आहे. पंकमध्ये गोडवा चालत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला इथेच अडवा.

पहिलं पंक गाणं कोणतं, या वादात फार वेळ घालवू नका. पेरूमधल्या लिमाच्या लॉस साइकोस या बँडने १९६५ मध्येच ‘देमोलिसियोन’ हे गाणं अक्षरशः किंचाळत गायलंय. स्टूजेस या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम १९६९ चा. साठच्या दशकातल्या गॅरेज बँडची गाणी गोळा करून लेनी के याने १९७२ मध्ये ‘नगेट्स’ हा संग्रह काढला. तोच पुढे पॅटी स्मिथ या न्यूयॉर्कच्या पंक गायिकेचा गिटारिस्ट झाला, म्हणजे धागा सरळ जोडलेला आहे. डेट्रॉइटच्या तीन कृष्णवर्णीय भावांच्या ‘डेथ’ या बँडने १९७५ मध्ये जे रेकॉर्ड केलं ते आजही कुणालाही डोळे मिटून पंक म्हणून ऐकवता येतं. कंपनीने बँडचं नाव बदला म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि तो अल्बम लोकांपर्यंत पोचला थेट २००९ मध्ये. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या सेंट्सनी सप्टेंबर १९७६ मध्ये ‘स्ट्रँडेड’ काढलं. इंग्लंडमध्ये पहिलं सिंगल डॅम्डचं, ‘न्यू रोझ’, २२ ऑक्टोबर १९७६. पिस्टल्सचं ‘अॅनार्की इन द यूके’ त्यानंतर महिनाभराने आलं. एकमेकांचं ऐकलेलंही नसताना इतक्या ठिकाणी लोक तेच करत होते, मला तेवढं पुरे.

पिस्टल्सबद्दल बोलताना मात्र तुमचा पहिला मित्र दुखावणार. त्यांचा एकुलता एक खरा स्टुडिओ अल्बम ऑक्टोबर १९७७ चा. जॉन लायडन, म्हणजे जॉनी रॉटन, पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर ‘मला यांचा तिटकारा आहे’ अशा अर्थाचं खरडून हिंडायचा, तेव्हा तो नजरेत भरला. आणि अल्बमचा निर्माता कोण? ख्रिस थॉमस, ज्याने त्याच पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या मिक्सिंगवर देखरेख केली होती! स्टीव्ह जोन्सने गिटारचे थरावर थर चढवलेत, आणि बासवाल्या सिड व्हिशसला धड वाजवता येत नव्हतं म्हणून बहुतेक ठिकाणी बासही जोन्सनेच वाजवलाय. गाणारा आवाज बंद करून नुसती वाद्यं ऐकली तर एक घट्ट, महागडा, उत्कृष्ट हार्ड रॉक अल्बम ऐकू येईल. काढून टाकलेलं असं त्यात फारसं काही नाही.

तरी ते पंक आहे, आणि ते सगळं रॉटनच्या तोंडात आहे. तोवरचे बहुतेक ब्रिटिश रॉक गायक माइकसमोर उभे राहिले की अमेरिकन व्हायचे. लंडनमध्ये जन्मलेला माणूस गाताना मिसिसिपीत जन्मल्यासारखा गायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रॉटनने तो उसना उच्चार फेकला. ‘र’ घोळवत, शब्दांची शेपटं ओढत, उत्तर लंडनच्या आयरिश घरातलं पोर भांडताना बोलेल तसा तो गायला. दहा लाखांहून जास्त बेकार, १९७६ मध्ये नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरलेलं सरकार, असल्या देशात त्या आवाजाला वेगळा अर्थ सांगावा लागला नाही. मे १९७७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर, ‘गॉड सेव्ह द क्वीन’ आलं. बीबीसीने ते वाजवलं नाही, तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

जाता जाता एक गंमत. पिस्टल्स घराघरात पोचले ते १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी, टीव्हीवरच्या एका मुलाखतीत थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्यामुळे. त्या कार्यक्रमात खरं तर क्वीन हा बँड येणार होता; तो ऐनवेळी येऊ शकला नाही म्हणून या पोरांची वर्णी लागली. ब्रिटिश पंकच्या बदनामीला क्वीनचा गायक, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा असा आडून हातभार लागलेला आहे.

मला स्वतःला विचाराल तर या सगळ्या काळाचं मर्म लंडनपेक्षा मँचेस्टरमध्ये जास्त स्वच्छ दिसतं. बझकॉक्सच्या हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले. २८ डिसेंबर १९७६ ला चार गाणी रेकॉर्ड केली, आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाने स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १,००० प्रती छापल्या. कव्हरच्या मागे प्रत्येक गाण्यापुढे कितवा टेक आहे, म्हणजे ते कितव्यांदा वाजवल्यावर ठेवलं, आणि वरून काय डब केलंय तेही छापलं. हे वाचून मी पहिल्यांदा थक्क झालो होतो. स्टुडिओत काय चालतं हे तेव्हा ग्राहकाला सांगायची पद्धत नव्हती. रेकॉर्ड कशी होते याभोवती मुद्दाम धुकं ठेवलेलं असायचं. इथे पहिल्या टेकला गाणं ठेवलं, वरून एक गिटार घातली, संपलं, असं सरळ लिहून टाकलंय. ‘हे तर मलाही जमेल’ याशिवाय वाचणाऱ्याच्या मनात दुसरा विचार काय येणार?

त्यातलंच ‘बोअरडम’. गाण्याचं नावच कंटाळा, आणि मध्ये शेलीचा गिटार सोलो येतो तो दोन सुरांचा. तेच दोन सूर, ६६ वेळा. पुढे कुठेतरी तो सुटेल, वर जाईल, असं वाटत राहतं आणि तो जात नाही. रमोन्सनी सोलो काढून टाकला होता. शेलीने सोलोची जागा तशीच ठेवून त्यातला पराक्रम काढून टाकला. हे जास्त अवघड आहे. मी हा सोलो वर्गात वाजवून घेतो तेव्हा दहा-बारा फेऱ्यांनंतर वाजवणाऱ्याचं बोट आपोआप तिसऱ्या सुराकडे सरकतं. त्याला थोपवून धरणं हाच रियाज.

या सुमारास फोटोकॉपी करून, स्टेपल मारून निघणारी छोटी मासिकंही आली. ‘साइडबर्न्स’ या अशाच एका मासिकाने तीन कॉर्डच्या बोटांच्या जागा काढून दाखवल्या आणि खाली लिहिलं, आता बँड काढा. तीन कॉर्डची दंतकथा तिथून पसरली. अनेकजण ती ‘स्निफिन ग्लू’ या दुसऱ्या मासिकाच्या खात्यावर टाकतात, ते चूक. मुंबईत साठच्या दशकात सायक्लोस्टाइल करून निघालेल्या मराठी अनियतकालिकांबद्दल ज्यांनी वाचलंय, त्यांना यातली ऊर्मी वेगळी समजावून सांगायला नको.

एकच गाणं निवड असं गळ्याला नख लावलंत तर मी एक्स-रे स्पेक्सचं ‘ओह बाँडेज अप युअर्स’ निवडेन, सप्टेंबर १९७७. गाणारी पॉली स्टायरीन, वडील सोमाली, आई ब्रिटिश, वय वीस, दातांना तारा. गाणं सुरू होतं ते अगदी हळू, शहाण्या मुलीच्या आवाजात: मुलींनी दिसावं, ऐकू येऊ नये, अशा अर्थाची जुनी म्हण ती म्हणते, आणि पुढच्या श्वासाला फुटते. मग शेवटपर्यंत आवाज खाली येत नाही. गिटारने जिथे मिरवायचं तिथे लोरा लॉजिक नावाच्या शाळकरी वयाच्या मुलीचा सॅक्सोफोन आहे, आणि तो सुराच्या कडेकडेने चालतो. मिक्सिंग करणाऱ्याच्या नजरेने बघा: स्त्रीच्या आवाजावर तेव्हा हमखास जे करत, थोडी घुमक, थोडी मखमल, वरचा टोकदार भाग जरा घासून काढणं, तसलं काही त्या आवाजाच्या वाट्याला आलेलं नाही. तो टोकदार भाग हेच गाणं आहे. गोड आवाज, देखणेपण, गिटारवीर, तिन्ही एका फटक्यात बाहेर. इतकं सगळं फेकून गाणं तरी नाचायला लावतं.

वायरच्या ‘पिंक फ्लॅग’वर, तोही १९७७ चाच, २१ गाणी आहेत आणि एक तर २८ सेकंदांचं. सांगायचं संपलं की गाणं संपलं, दुसऱ्या कडव्याची वाट बघायची नाही. हा अल्बम एका दमात ऐका, एवढंच सांगतो.

आता ‘बाकी सगळी नक्कल’ या मुद्द्यावर येतो, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. काढून टाकलेल्या गोष्टीला किंमत असते ती तोवर ती गोष्ट सक्तीची असते म्हणून. १९७८ येईतो सोलो नसणं, वेगात वाजवणं, जाकिटाला सेफ्टी पिना लावणं, हीच सक्ती झाली होती. मग पंक कोण? जून १९७८ मध्ये क्लॅशने ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ काढलं. चाल रेगेची, वेग संथ, वर माउथ ऑर्गन, आणि शब्दांत नव्या पंक बँडच्या धंदेवाईकपणावर कोरडे. लोकांना हवा होता तो वेग त्यांनी काढून घेतला. हे गाणं आलं ते सीबीएससारख्या बड्या कंपनीकडून. जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने एक लाख पौंडांचा करार केला तेव्हाच ‘स्निफिन ग्लू’च्या संपादकाने पंक मेल्याचं जाहीर करून टाकलं होतं. तरी माझ्या यादीत हे गाणं पहिल्या तीनांत.

अमेरिकेत वाट वेगळी निघाली. वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स हे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझ फ्युजन वाजवायचे. तयारीचे. १९८० मधलं त्यांचं ‘पे टू कम’ दीड मिनिटात संपतं, आणि ते वाजवायला जितकी तयारी लागते तितकी बहुतेक सोलोवाल्यांकडे नसते. वाजवता न येणं ही पंकची अट आहे असं मानणाऱ्यांना हे गाणं ऐकवावं. त्यांचा पहिला अल्बम १९८२ मध्ये आला तो फक्त कॅसेटवर. त्याच शहरात मायनर थ्रेटच्या पोरांनी १९८१ मध्ये ४६ सेकंदांचं ‘स्ट्रेट एज’ काढलं आणि दारू आणि नशेलाच नाही म्हटलं. सिड व्हिशस हेरॉइनने जाऊन दोनच वर्षं झाली होती. नशा हा पंकचा गणवेश झाला होता, तो त्यांनी उतरवला.

या काळातला माझा जीव मात्र मिनटमेनवर आहे. लॉस एंजेलिसच्या बंदराजवळच्या सॅन पेड्रोमधले तिघे. गिटारवाला डी. बून आपल्या अँपवरचा, म्हणजे अॅम्प्लिफायरवरचा, खालचा घोगरा भाग जवळजवळ काढूनच टाकायचा, नुसता वरचा टणत्कार ठेवायचा. कारण काय, तर माइक वॉटच्या बासला आणि ड्रमला गिटारइतकीच जागा मिळावी. गिटार मोठी, बाकीचे तिच्या मागे, ही रॉकमधली उतरंडच त्यांना नको होती, आणि ती त्यांनी अँपच्या बटणावर मोडली. जेव्हा एखादा बँड माझ्याकडे येऊन ‘आमची गिटार भिंतीसारखी जाड करा’ म्हणतो, तेव्हा मी त्यांना आधी १९८४ चा ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ ऐकायला लावतो. चाळीसहून जास्त गाणी. रात्री उशिरा स्टुडिओ स्वस्त मिळतो म्हणून तेव्हा रेकॉर्डिंग करायचं, टेपही आधी वापरलेली घ्यायची, असा त्यांचा खाक्या. त्यातलं ‘हिस्टरी लेसन, भाग दोन’ हे शांत, जवळजवळ गप्पा मारल्यासारखं गाणं आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, नाही, ओरडणं नाही. दोन मित्र कसे वाढले आणि पंकने त्यांचं आयुष्य कसं बदललं एवढंच. माझ्या लेखी ते शंभर टक्के पंक आहे, आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

तुमच्या तिसऱ्या मित्राचं टेलिव्हिजन? ‘मार्की मून’ १९७७ चं, सीबीजीबीतल्या सुरुवातीच्या बँडपैकी एकाचं, दहा मिनिटांच्या वर. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्यांनी डिस्टॉर्शन फेकलं आणि ब्लूजची तीच ती वळणंही फेकली. पण गाण्याचा मध्य अजूनही गिटारच्या पराक्रमाचाच आहे, ऐकणारा हातातलं काम टाकून गिटारवाल्याकडे बघत बसतो. जागा पंकची, माणसं पंकची, गाणं नाही. अप्रतिम गाणं आहे, यादीत मात्र नको.

आणि ग्रीन डे. बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागेत ते वाढले. तिथला तेव्हाचा नियम असा होता की मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला स्टेज नाही. करार झाला आणि त्यांना ते दार बंद झालं. १९९४ चा ‘डूकी’ एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर खपला. माझं मत ऐकून दोन्ही बाजू चिडतील: गाणी पंकचीच आहेत, चाली त्यांच्या आधीच्या छोट्या कंपनीच्या रेकॉर्डसारख्याच, पण १९९४ मध्ये त्या चाली वाजवून त्यांनी काहीच गमावलं नाही, उलट रेडिओला तेव्हा तेच हवं होतं. ऐका, आवडत असेल तर मजेत ऐका. मीही ऐकतो.

पैशाचा भाग गौण नाही, कारण काढून टाकण्यात तोही येतो. क्रास हा इंग्लिश बँड आपल्या रेकॉर्डच्या कव्हरवरच ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका’ असं छापायचा, आपल्या बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी असते तसं. वॉशिंग्टनच्या फुगाझींनी तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवण्याचा हट्ट धरला. हा पैशाचा हिशेब मिक्स ऐकताना मला दिसत नाही, हे कबूल, पण त्यांच्या गाण्यात जो कोरडेपणा आहे तो या हिशेबाशी जोडलेला आहे.

राजकारणावर मात्र यादी करू नका. जॉनी रमोन पक्का रिपब्लिकन होता; २००२ मध्ये सन्मान घेताना त्याने जाहीरपणे अध्यक्ष बुश यांचं कौतुक केलं. दुसरीकडे सुरुवातीच्या काही लंडनच्या पंकांनी लोकांना डिवचायला म्हणून नाझी स्वस्तिक मिरवलं. ते तेव्हाही फालतू होतं आणि आजही आहे. डिवचायचं एवढंच होतं ही सबब मला पटत नाही, कारण रस्त्यावर मार खाणारे वेगळेच लोक होते. एप्रिल १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध भली मोठी मैफल झाली, तिथे क्लॅश होते, एक्स-रे स्पेक्स होते. त्याच वर्षी मार्गारेट थॅचर यांनी टीव्हीवर परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाण्याची भीती बोलून दाखवली. ते ऐकून पुढे दक्षिण लंडनच्या तीन पाकिस्तानी वंशाच्या पोरांनी आणि एका गोऱ्या गिटारवाल्याने बँड काढला आणि नावच ठेवलं ‘एलियन कल्चर’. १९८० मधलं त्यांचं ‘एशियन यूथ’ शोधून ऐका. रस्त्यावर एक जग, घरात दुसरं, आणि दोन्हीकडून दाब. वाजवणं ओबडधोबड आहे, पण आपल्यातल्या कित्येकांना रमोन्सपेक्षा लवकर भिडेल.

आपल्याकडे पंक कमी का रुजलं, असंही तुम्ही ओघात विचारलंय. माझं निरीक्षण असं की आपली रॉकची शाळा स्पर्धांत भरली. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक, कॉलेजांच्या महोत्सवांतल्या बँडच्या चढाओढी. परीक्षक बसलेत म्हटल्यावर पोरं सोलो दाखवणारच. म्हणून मेटल फोफावलं. पंक बँड झाले, मुंबईच्या रायट पेडलर्सनी ‘सरकार्झम’ नावाची रेकॉर्ड काढली, पण गर्दी कायम तिकडेच. आणि रॉटनने जे सगळ्यात आधी फेकलं ते आपण अजून धरून बसलोय. जॅमरूमबाहेर चहा पिताना पक्का पुणेरी बोलणारा गायक माइकवर गेला की कॅलिफोर्नियाचा होतो. मी टेक थांबवून सांगतो, बोलतोस तसा गा. पुढचे दोन टेक तो लाजतो, तिसऱ्याला जमतं.

गॅदरिंगसाठी गाणं: बझकॉक्सचं ‘एव्हर फॉलन इन लव्ह’, १९७८. ब्रिटनमध्ये ते बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, चाल एकदा ऐकली की डोक्यात बसते, प्राचार्यांनाही आक्षेप घ्यायला जागा नाही. शेलीने यात ‘तो’ की ‘ती’ हे मुद्दाम कळू दिलेलं नाही, त्यामुळे चौघांपैकी कुणीही गाऊ शकेल. गिटार अवघड नाही. खरी कसोटी तुमच्या ड्रमरची: जॉन माहर बँडमध्ये आला तेव्हा १६ वर्षांचा होता आणि कडव्यांच्या मध्ये तो जे रोल घालतो ते साधे नाहीत. तिला पहिले काही दिवस नुसत्या बासबरोबर बसवा. क्लिक, म्हणजे ठेका धरणारी टिकटिक, लावू नका. कोरसला गाणं किंचित पुढे पळालं तर पळू द्या, फक्त चौघे एकत्र पळाले पाहिजेत. गिटारवाल्याने डिस्टॉर्शनचं बटण अर्ध्यावर आणावं, कॉलेजच्या हॉलमध्ये त्याहून जास्त ठेवलं की शब्द बुडतात. आणि स्टेजवर दहा मिनिटं मिळाली असतील तर हे एकच वाजवून उतरू नका, लगेच ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ घ्या, पण फटके सगळे वरून खाली.